टेलरमास्तरांचं वाकडं बोट

टेलरमास्तरांच्या डाव्या तर्जनीला इस्त्री लागली तेव्हा ते ओरडलेसुद्धा नाहीत, कारण समोर गिऱ्हाईक होतं. जखम भरली, पण कातडी आकसली आणि बोट वाकलं ते वाकलंच. सरळ बोटाने तूप निघत नाही म्हणतात. मास्तरांचं म्हणणं, तूप गेलं खड्ड्यात, वाकड्या बोटाने शिलाई होत नाही. कापडाखाली राहून सुई कुठवर आली ते सांगणं हे याच बोटाचं काम. दोन महिने मशीन झाकून ठेवलेलं होतं, आणि प्लास्टिक सर्जनशिवाय ते उघडण्याची आशा नव्हती.

सरकारी विम्याचं कार्ड होतं, पण ते घेणारा सर्जन सापडेना. यादीत तीन नावं होती. फोन करायचं बायकोने अंगावर घेतलं. पहिल्या ठिकाणी एका गोड आवाजाने कार्ड चालत नाही म्हणून सांगितलं आणि हनुवटीखालच्या लोंबत्या कातडीचा विषय काढला. बायकोने वीस मिनिटं त्याची सविस्तर माहिती घेतली. बोट राहूनच गेलं. दुसरे डॉक्टर कार्ड घ्यायचे, पण तीन वर्षांपूर्वीच परदेशी गेले होते. तिसऱ्या पत्त्यावर गाद्यांचं दुकान निघालं. रोज चार-पाच रुग्ण चुकून येत असल्याने गादीवाल्याला आता बरंच वैद्यकीय ज्ञान झालं होतं. त्याने बोट उलटसुलट करून पाहिलं, नवी कातडी लावावी लागेल असं गंभीरपणे सांगितलं, डॉक्टरांचा नवा पत्ता दिला आणि एक उशीही खपवली.

हे डॉक्टर कार्ड घेत होते. अट एकच, बोटामुळे काम अडत असेल तरच मंजुरी. नुसतं दिसायला वाईट असेल तर नाही. त्यांनी फॉर्म पुढे ओढला, तेवढ्यात फोन वाजला आणि ते उठून बोलू लागले. मास्तरांच्या अगदी नाकासमोर डॉक्टरांच्या कोटाचं बटण एका धाग्यावर लटकत होतं.

मास्तरांनी भिंतीकडे पाहायचा मनापासून प्रयत्न केला. पण जित्याची खोड! कॉलरमागे खोचलेली ओवलेली सुई कधी हातात आली, त्यांनाही कळलं नाही.

"साहेब, जरा श्वास धरा," ते म्हणाले. डॉक्टरांनी बोलता बोलता धरलाही. बायको टेबलाखालून लाथा मारत होती, तोवर गाठ मारून झाली होती.

फोन ठेवून डॉक्टरांनी बटण न्याहाळलं. "छान बसवलंत की. म्हणजे काम होतंय." आणि त्यांनी फॉर्मवर तसं लिहून टाकलं.

बाहेरच्या बाकावर बायको म्हणाली, "अहो, महिनाभर वणवण करून एक डॉक्टर मिळाला, आणि तुम्ही त्याला बटण लावलंत?"

"लटकत होतं गं," मास्तर म्हणाले. त्यांना खरंच रडू येत होतं.

तेवढ्यात आतून हाक आली. डॉक्टर शस्त्रक्रियेला जाण्यासाठी कोट उतरवत होते. कोटामागून शर्ट येत होता आणि शर्टामागून बनियन. खालच्या बोटाने खबर न दिल्यामुळे मास्तरांनी तिन्ही कपडे एकत्र शिवले होते, आणि तेही इतके पक्के की नर्स कात्री घेऊन घाम पुसत होती. डॉक्टरांनी तशाच अवस्थेत फॉर्म मागवला, आधीची ओळ खोडली आणि मोठ्याने वाचत लिहिलं, "रुग्णाला शिवणकाम अजिबात जमत नाही. स्वतः अनुभवलं आहे."

आता मंजुरीला काहीच अडचण नव्हती. बायकोचा चेहरा उजळला. मास्तर मात्र लालबुंद झाले. "साहेब, सव्वीस वर्षं झाली या धंद्यात. बोट राहिलं वाकडं तर राहू दे, पण तेवढं वाक्य खोडा."

बायकोने त्यांच्या उजव्या हातात पेन दिलं आणि सही होईपर्यंत त्यांचं तोंड दाबून धरलं.