सुपडूनानांची पक्की बातमी

पांझरेला पूर आला हे गावाला सांगण्याआधी सुपडूनाना स्वतः नदीत पाय बुडवून येत. मग ओट्यावर उभं राहून ओल्या धोतराचा सोगा वर धरून दाखवत आणि म्हणत, "मंडळी, नदीला पाणी आलं आहे. पक्की बातमी!"

धुळ्यात तेव्हा रेडिओ कुणी पाहिलेला नव्हता आणि आमच्या गल्लीला त्याची गरजही नव्हती. चाळीसगावच्या गाडीनं संध्याकाळी मुंबईचं वर्तमानपत्र येई, नाना ते घरी वाचून काढत आणि सकाळी आपल्या दोरखंडाच्या दुकानाच्या ओट्यावरून सगळ्या गल्लीला ऐकवत. "जागे असाल तर ऐका, झोपले असाल तर उठा!" अशी सुरुवात. व्हाइसरॉय काय म्हणाला, कापसाला काय भाव फुटला, डॉक्टर परगावी गेल्यामुळे आज कुणी आजारी पडू नये, कुणाची म्हैस कुणाच्या परसात शिरली, असा सगळा मसाला. मी शाळामास्तर. माझी दाढी व्हाइसरॉयला सुरू होई आणि म्हशीपर्यंत संपे.

ओट्यावर नाना छापील मराठी बोलत. खाली उतरले की लगेच अहिराणी. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "मास्तर, आंगवर कोट घाला का मानूस ताठ चालस. तसं शे हाई."

त्यांचा नेम एकच. ओट्यावरून खोटी बातमी जायची नाही. डगाशेठ वारले अशी एकदा गावात आवई उठली. नाना खात्री करायला थेट त्यांच्या बिछान्यापाशी गेले आणि नाकापुढे कापूस धरला. शेठ शिंकले. वर विचारलं, "कोन मरनं रे?" त्यानंतर डगाशेठ चांगले टुणटुणीत जगले, पण नाना समोरून आले की रस्ता बदलत.

नानांना मूल नव्हतं. घरात ते आणि गोदाअक्का. अक्का दुकानाच्या मागच्या दारात बसून बातम्या ऐकत आणि नाना आत आले की निकाल सांगत, "आज कापूसना भाव घाईमा सांगा तुम्ही." नाना गावाला भीत नसत, या निकालाला भीत.

एका उन्हाळ्यात अंगणात कुरडया वाळत घालताना अक्कांच्या डोक्याला कावळा शिवला. कावळा शिवला की माणूस वर्ष काढत नाही असा आपल्याकडे समज आहे. त्यावर उपायही ठरलेला. त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी नातलगांना कळवायची. ते रडले की मरण आलं आणि गेलं असं होतं, मग खरं काय ते सांगून टाकायचं. पण अक्कांच्या माहेरी कुणी उरलंच नव्हतं. म्हणून त्या नानांना म्हणाल्या, "ओटावरथीन सांगी द्या. गाव रडी तरी चाली."

नाना म्हणाले, "ओटावरथीन खोटं जावाव नही."

भिंतीला भिंत लागून असल्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं. नानांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून जन्मल्याबरोबर त्यांना सुपात घालून घराबाहेर ओढलं होतं, टाकलेलं पोर समजून मरणानं सोडून द्यावं म्हणून. नावही त्यावरूनच सुपडू पडलं. अक्का रडत म्हणत होत्या, "तुमना मायनी तुमले सुपडामा घालीसन मरनले फसाडं, म्हनीसन तुम्ही वाचनात. आनि मनाकरता एक खोटं निंघत नही तुमना तोंडमातून?"

दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय, कापूस, म्हैस, सगळं यथास्थित झालं.

त्या पावसाळ्यात अक्का अंगणात फिरकल्या नाहीत. कौलावर काही वाजलं की हातातलं भांडं खाली पडे. थंडीत त्यांना ताप भरला आणि त्यात त्या गेल्या. ती बातमी नानांनी स्वतः ओट्यावरून सांगितली, आवाज हलू न देता, शेवटी "पक्की बातमी" म्हणून. लोक म्हणाले, काय काळीज आहे! मलाही तेव्हा रागच आला होता.

तेरावा झाल्यावर त्यांच्याजवळ बसलो असताना ते आपणहून म्हणाले, "कावळाना काय संबंध, मास्तर? ताप व्हता तो. माले बी समजस. पन तिले पावसाळाभर भेव वाटी ऱ्हायनं व्हतं, आनि मी बाहेर बातम्या सांगत बसनू."

नाना ओट्यावर पुन्हा उभे राहू लागले आणि अनेक वर्षं राहिले. आत जाताना दारापाशी थोडं थांबत, एवढंच.

मग एका सकाळी मी राखुंडीनं दात घासत होतो आणि ओट्यावरून आवाज आला, "मंडळी, ऐकायला वाईट वाटेल. आपल्या मास्तरांच्या पत्नी इंदूबाई वारल्या."

इंदू माझ्यासमोर चहा गाळत होती.

मी तोंडात राखुंडी तशीच घेऊन बाहेर धावलो. मागोमाग इंदूही दारात आली. बाया रडत निघाल्या होत्या, त्या तिला बघून थबकल्या आणि काय ते समजून पदर तोंडाला लावून हसू लागल्या. आदल्या दिवशी इंदूच्या डोक्याला कावळा शिवला होता. मी मास्तर, मी हसेन म्हणून तिनं मला सांगितलंच नाही. विहिरीसाठी दोर आणायला गेली तेव्हा नानांनी तिचा चेहरा बघून विचारलं आणि तिनं सांगून टाकलं.

बाया हसत होत्या, पण नाना रडत होते. आधी वाटलं, सोंग चांगलं वठवतात. मग ते ओट्यावर खालीच बसले, दोन्ही हातांत तोंड धरलं आणि मोठमोठ्यानं हुंदके देऊ लागले. अक्कांच्या वेळी ते असे रडले नव्हते. एकेकीचं हसणं थांबलं. इंदू पुढे होऊन म्हणाली, "नाना, मी आहे ना. ही बघा उभी आहे." त्यांनी मान हलवली, पण रडणं काही थांबेना.

दुसऱ्या दिवशी ओटा रिकामा होता. मी दुकानात गेलो. नाना काथ्या वळत बसले होते.

"नाना, लोक वाट बघतायत."

"कसानी वाट? एक खोटी गई, आते बठ्ठ्याच खोट्या. मी सांगसू तं कोन खरं मानी?"

"अहो, इंदू जिवंत आहे हे गल्लीनं डोळ्यांनी पाहिलं. गंमत होती ती. कुणी काही म्हणणार नाही."

"कोनी नही म्हनी. पन मी तं म्हनसू ना." त्यांनी काथ्या खाली ठेवला. "सूनबाई झोपनी का रातले?"

"झोपली. सकाळी मीच उठवलं तिला."

"मंग झायं," नाना म्हणाले, आणि पुन्हा दोर वळायला लागले.