एक जागा रिकामी व्हावी

अ‍ॅनालिनची दोन वर्षांची आखणी एका झाडाने बिघडवली. स्टॉकटनच्या कम्युनिटी कॉलेजातून सरकारी विद्यापीठात जायचं तर भाषणकलेचा एक वर्ग करावा लागतो. आधीच्या सल्लागारबाई म्हणाल्या होत्या, नाटकाचा चालेल. म्हणून तिने नाटकात झाडाचं काम केलं. नवे सल्लागार म्हणाले, "नाटक भाषणात धरत नाहीत."

"आणि झाड तर मुळीच नाही," अ‍ॅनालिन घरी येऊन म्हणाली.

तिच्या वेळात बसणारा वर्ग एकच, तोही भरलेला. प्रतीक्षायादीत ती पहिली. पहिल्या दिवशी नाव नोंदवलेला एखादा आला नाही, तर त्याची जागा तिला. नाहीतर सॅन दिएगोचं विद्यापीठ यंदा हातचं गेलं.

तिच्या आईने, तेरेसिताने, अशक्य कामांचा वाली संत ज्यूड, त्याचं नऊ दिवसांचं व्रत धरलं. "देवा, एक जण गळू दे," असं मागून झालं आणि तिलाच अपराधी वाटलं. दुसऱ्याच्या लेकराचं वाईट कसं मागायचं? मग तिने जोडलं, आजाराने नको. अपघाताने नको. नोकरी जाऊन तर नकोच.

"आई, एवढ्या अटी घातल्यावर गळणार कोण?"

"ते देव बघेल. तू भात घे."

तेरेसिताचा नवरा क्रिस्पिन नेहमीसारखा गप्प जेवत होता. थोरल्या मुलीच्या लग्नात हातात माईक दिला, तेव्हा "जेवण गार होतंय" एवढंच बोलून खाली बसलेला माणूस.

पहिल्या दिवशी त्यानेच दोघींना कॉलेजात सोडलं आणि गाडी लावायला गेला. अ‍ॅनालिन वर्गात भिंतीशी उभी राहिली, तेरेसिता दाराबाहेर जपमाळ घेऊन. खुर्च्या भरत गेल्या. एक तेवढी उरली. तेरेसिताचे ओठ भराभर हलू लागले.

तेवढ्यात क्रिस्पिन आला. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. तो सरळ आत निघाला, तशी तिने त्याची बाही धरली.

"कुठे चाललास? एकच जण यायचा राहिलाय! दार अडवून उभा राहा, कोणाला सोडू नकोस."

"अगं, पण—"

"शूः!"

आतून शिकवणाऱ्या बाईंनी हजेरीतलं शेवटचं नाव वाचलं. "क्रिस्पिन मागबानुआ?"

अ‍ॅनालिनने वळून पाहिलं. तेरेसिताच्या बोटांतला मणी तिथेच थांबला.

"आलोय," तो पुटपुटला.

"तू? भाषण शिकायला?"

"ही सॅन दिएगोला निघताना चार शब्द बोलता यावेत म्हटलं. असे वर्ग पुष्कळ आहेत इथे. हिला हाच हवाय, ते मला काय ठाऊक?" मग तो आत वळला. "बाई, माझी जागा हिला द्या."

"नको बाबा. तुम्ही बसा. मी पुढच्या वर्षी जाईन."

आणि क्रिस्पिन बोलला. मोठ्याने, भर वर्गात. पुढच्या वर्षावर त्याने स्वतः काय काय टाकलं होतं, आणि ते वर्ष कसं कधीच उगवलं नाही. तिचं सामान तो दिवसभर गाडी चालवून पोचवेल. आई रडेल, तिला तो सांभाळेल. मधे एकदाही अडखळला नाही. बाई हातातला पेन तसाच धरून ऐकत राहिल्या. शेवटी अ‍ॅनालिन डोळे पुसत त्या खुर्चीत जाऊन बसली.

परतताना गाडीत दोघंच होते.

"किती छान बोललास रे," तेरेसिता हळूच म्हणाली. "आता वर्ग कशाला हवा? ती निघेल तेव्हा हेच बोल."

"तेव्हा वेगळं बोलायचं होतं."

"काय?"

सिग्नल हिरवा झाला. त्याने गाडी काढली नाही. मागच्याने हॉर्न दाबून धरला.

"जाऊ नकोस म्हणणार होतो," तो म्हणाला.