वीराच्या टोपावरचा शेंदूर

रंग काढण्यात हिंगोलीत माझा हात धरणारा कुणी नव्हता, मंडळी. छावणीतल्या जुन्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा शिपायांच्या लोखंडी टोपांवर नंतर फासलेले रंग मीच उतरवले होते. खोट एकच. मी संतराम तांबट काम करायला बसलो की हातापेक्षा तोंड जास्त चालतं. त्यापायी माझी बायको पार्वती दिवाळीला माहेरी गेली, ती शिमगा आला तरी परतली नाही. निरोप आला, "कानाला आराम पडला की येते."

एवढ्यात सासऱ्यांचं, तातेरावांचं, कळमनुरीजवळच्या गावाहून बोलावणं आलं. त्यांचे पणजोबा हिंगोलीच्या रिसाल्यात, घोडदळात होते आणि लढाईत पडले. तेव्हापासून ते घरचे वीर, म्हणजे देवच झाले आणि त्यांचा टोप देवघरात आला. दर धुळवडीला त्यावर शेंदराचा एक हात, अशी ऐंशी वर्षं गेली. एका दुष्काळात शेंदूर मिळाला नाही, तर बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल हिंगूळ फासला. टोपाचा आता चांगला थोरला भोपळा झाला होता. वीराला भार झाला की घरच्या कर्त्याचं डोकं दुखतं म्हणे. सासरे महिनाभर डोक्याला फडकं बांधून बसले होते.

मी मनाशी ठरवलं, हे सगळं काम तोंड मिटून करायचं. पार्वती बघेल आणि मुकाट माझ्याबरोबर येईल.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "शेंदराचं कवच उतरवायची आमच्या घरची एक रीत हाय..."

"मामा, आजवर शंभर टोप साफ केलेत. मला रीत शिकवता काय?" एवढं बोलून मी तोंडाला कुलूप घातलं. सासूबाई नर्मदाबाई काही सांगायला पुढं आल्या, तर मी ओठावर बोट ठेवलं. देवघरात एकट्यानंच बसायचं असतं, एवढं मला ठाऊक होतं. दार लावून मी आतून कडी घातली.

भर दुपार होती. टोपावर कोमट तेल चोळलं आणि थराखाली बांबूची पातळ चीप घातली. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा पहिला थर सुटला. खालच्या थरावर चार बोटं उमटलेली होती, त्याखालच्या थरावर आणखी कुणाची तरी. एका थरावरची बोटं अगदी लहान होती. ती पार्वतीची असणार. मला भडभडून आलं. तिला हाक मारावीशी वाटली, पण ओठ दाबले.

मग खोली गार पडू लागली. फाल्गुनातली दुपार, आणि माझे दात वाजत होते. घोड्याच्या घामाचा वास आला. त्या गावात तेव्हा एकही घोडा नव्हता. आणि टोपाच्या आतून आवाज आला, टक टक.

मी थांबलो, की तो थांबे. टोप उलटा करून पाहिला. आत कुजक्या चामड्याची पट्टी, बाकी काही नाही. समोरचा पितळी बिल्ला तोवर उघडा पडला होता. टोप भिंतीकडं तोंड करून ठेवला आणि तेलाची वाटी घ्यायला वळलो. परत पाहतो तर बिल्ला माझ्याकडं.

हिंगुळाचा थर बोटाला ओला लागला. टक टक वाढत चालली. एखाद्यानं काही विचारावं, उत्तर मिळू नये, आणि त्यानं पुन्हा विचारावं, तशी. मानेमागं कुणीतरी कान देऊन बसलं होतं, श्वास लागत होता. बोंब मारावी असं शंभरदा मनात आलं. पण बाहेर ओसरीवर पार्वती होती.

शेवटचा कण निघाला आणि आवाज थांबला. मी हात न लावता दाराची कडी निघाली. माझ्या खांद्याला काहीतरी घासून गेलं.

मी टोप घेऊन बाहेर आलो. सासऱ्यांनी डोक्याचं फडकं सोडलं. "हलकं झालं बगा. काय काय सांगितलं त्याला?"

"कुणाला?"

"वीराला."

"एक शब्द न्हाई," मी ऐटीत म्हणालो.

सासूबाईंनी उघड्या देवघरात डोकावून पाहिलं. सासऱ्यांनी कपाळाला हात लावला.

"कवच उतरलं की वीर उघडा पडतो. घरात माणूस हाय हे त्याला कळावं म्हणून सारखं बोलत राहायचं असतं. चार घंटे कोण बोलणार? म्हणून तर तुमाला बोलावलं. आवाज आला न्हाई, तर त्याला वाटतं घर ओस पडलं. मग जवळ जो असंल त्याच्यामागं निघतो."

माझ्या हत्यारांच्या पिशवीतून आवाज आला, टक टक.

संपलं, असं मला वाटलं. भूत घेऊन चाललेल्या नवऱ्याबरोबर कोण येणार? पार्वती पुढं आली.

"चार घंटे गप बसलात? काहून?"

"तू यावीस म्हणून."

ती आत गेली आणि गाठोडं घेऊन आली. "चला. तुमचं ऐकायला आता दुसरं कुणीतरी हाय."

घरी असा श्रोता मला जन्मात मिळाला नव्हता. मी बोलावं आणि पिशवी ठेवलेल्या फळीवरून टक टक यावी. त्याला माझ्या मुंजीपासून कथिलाच्या भावापर्यंत सगळं सांगितलं, काही दोनदा. आठव्या दिवशी टकटक विरळ झाली. बाराव्या दिवशी सासऱ्यांचा गडी मुंजाजी धावत आला.

"वीर सोताहून घरी आले. नर्मदाबाईच्या अंगात येऊन बोलले, टोपावर शेंदूर लावा, जाड लावा. कानाकडं जरा जास्त."

पार्वती अजून माझ्याकडंच आहे. परवा तिनं बाजारातून पावशेर शेंदूर आणला. आमच्या देवघरात शेंदराचा एकही देव नाही. कशाला आणला, हे विचारायला मी तोंड उघडलं, तिचा हात कानाकडं गेला, आणि मी ते परत मिटलं.