सुरक्षेच्या कारणास्तव

"पण मी म्हणते, कलम चांगलं आहे की!" बायकोने चहाचा कप खाली ठेवला, आणि आपण उगाच तोंड उघडलं असं प्राध्यापकांना वाटून गेलं.

प्राध्यापक आंतरराष्ट्रीय व्यापाराचा कायदा शिकवत. दुपारी त्यांना एका मोठ्या परिषदेत बोलायचं होतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच कुणी बोलावलं होतं. विषय होता व्यापार करारातलं एक कलम. देशाच्या सुरक्षेचं कारण पुढे केलं की शेजाऱ्याचा माल अडवता येतो. हल्ली जो तो पोलादापासून मोटारीपर्यंत सगळ्यात धोका बघू लागला होता, आणि तो धोका खरा की खोटा हे कुणीतरी तपासायला हवं, असं प्राध्यापकांचं म्हणणं. सराव म्हणून त्यांनी ते बायकोला ऐकवलं होतं.

"म्हणजे कारण सांगायचं आणि कुणी उलट विचारायचं नाही?"

"असं काही देश म्हणतात. मी त्याच्या विरुद्धच..."

बायको केव्हाच उठली होती. खाली धाकट्या भावाचं बिऱ्हाड होतं. वरचं वायफाय खाली चाले आणि वरचे कपडे खालच्या वॉशिंग मशीनमध्ये धुतले जात, कारण वर पाण्याला जोर नव्हता. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. पण अलीकडे धाकटी जाऊ दिवसभर मालिका लावून बसे, आणि वर बायकोची बहीण व्हिडिओ कॉलवर आ वासून गोठून जाई. बायकोने पासवर्ड बदलून टाकला.

जिन्यातून हाक आली. "ताई, नेट गेलं का हो?"

"गेलं नाही, बंद केलंय! सुरक्षेच्या कारणास्तव!"

खाली घरघरणारं मशीन एकदम गप्प झालं.

"मग आमचं मशीनही बंद! सुरक्षेच्या कारणास्तव!"

प्राध्यापक ताडकन उठले. सकाळीच बायकोने त्यांचे झाडून सगळे शर्ट त्या मशीनमध्ये टाकले होते. अंगावर उरला होता बनियन.

"अगं, माझं भाषण आहे! आणि ते नेटवरून उतरवून घ्यायचंय, पासवर्ड तरी सांग."

"तुम्हाला सांगितला की खाली पोचलाच. तुमच्या पोटात कधी काही राहिलंय?"

प्राध्यापक बनियनवरच खाली गेले. धाकटा दारातच भेटला. "दादा, मशीन तिच्या ताब्यात आहे," तो हळूच म्हणाला. "मी या देशात नुसता राहतो."

उरली आई. जिन्याजवळच्या खोलीत ती कानात इअरफोन घालून मोबाइलकडे बघत खुदुखुदु हसत होती. घरातले तंटे आजवर तिनेच मिटवले होते.

"आई, तूच काय तो निवाडा दे."

तिने एका कानातला इअरफोन काढला. "निवाडे बंद केलेत मी. एकीच्या बाजूने दिला की दुसरी महिनाभर तोंड फुगवून बसते. तुमचं तुम्ही बघा." इअरफोन परत कानात गेला.

न्यायाधीश नेमले जात नाहीत म्हणून जागतिक व्यापाराचं अपील न्यायालय ओस पडलं, त्यावर प्राध्यापकांनी लेखच्या लेख लिहून अश्रू ढाळले होते. हे संकट घरात येईल असं मात्र त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

शेवटी समोरचे दातांचे डॉक्टर धावून आले. डॉक्टर अंगाने काडीसारखे. त्यांच्या शर्टात प्राध्यापकांना कोंबून झाल्यावर ते म्हणाले, "आता फक्त हात वर करू नका. आणि मोठा श्वासही नको."

व्यासपीठावर प्राध्यापक हात अंगाला चिकटवून उभे राहिले. हातात कागद नाही, डोक्यात काही नाही. शेवटी घाबरत घाबरत त्यांनी सकाळची हकीकतच सांगितली. फक्त घराच्या जागी देश म्हणाले आणि बनियन गाळला. सभागृह हसून हसून लोळलं. आपली फजिती झाली म्हणून ते खाली बसणार, तोच टाळ्यांचा कडकडाट झाला.

"हे दोन देश कुठले हो, सर?" एकाने विचारलं.

"एक वरचा," प्राध्यापक चाचरत म्हणाले, "एक खालचा."

"उत्तर आणि दक्षिण! वा!" लोकांनी माना डोलावल्या. अध्यक्षांनी तिथल्या तिथे पुढच्या परिषदेचं आमंत्रण दिलं.

संध्याकाळी प्राध्यापक घरी आले, तर दोघी जावा जिन्यात शेजारी शेजारी बसून चहा पीत होत्या. वर दोरीवर शर्ट वाळत होते. खालून मालिकेतलं रडणं ऐकू येत होतं.

"मिटलं?" त्यांनी आनंदाने विचारलं. "मग नवा पासवर्ड काय?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"भावजी, तो तुम्हाला सांगायचा नाही असं ठरलंय," धाकटी म्हणाली.

"का पण?"

"उलट विचारायचं नाही," बायको म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत. भांडणाचं मूळ तुमचं ते कलम. आता घरात तुमची आयात बंद."

प्राध्यापक तडक आईच्या खोलीत गेले. आई अजून मोबाइलकडे बघून हसत होती. आता कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"आई, सकाळी नेट बंद होतं! तुझं कसं चालू होतं?"

"पासवर्ड बदलल्या बदलल्या थोरली गुपचूप सांगून गेली. धाकटीने गरम गरम चहा आणून दिला. निवाडे बंद केल्यापासून दोघी फार जपतात बघ मला."

"मग मला सांग ना तो."

आईने प्रेमाने त्यांच्या गालावरून हात फिरवला, शर्टाचं तुटायला आलेलं बटण नीट लावलं आणि इअरफोन कानात घालता घालता म्हणाली, "नको रे बाळा. सुरक्षेच्या कारणास्तव."