न विचारता भंडारदरा

“भंडारदरा? अहो, डोळे बांधून नेतो!”

यज्ञेश्वरराव गद्र्यांनी ही घोषणा केली तेव्हा वासंतीबाई गवार मोडत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, “डोळे उघडे ठेवून पोचलो तरी पुष्कळ आहे.”

यज्ञेश्वररावांना हा अपमान वाटला. साहजिकच होतं. जन्मभर त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता. फळ्यावर खडूनं, एकदाही न पुसता, महाराष्ट्राचा नकाशा काढणारा माणूस! त्याला भंडारदरा सापडणार नाही? तेही नारायण पेठेतून, स्वतःच्या मारुतीनं, मुलगा गाडी चालवत असताना?

आता खरी गोष्ट सांगतो. यज्ञेश्वररावांना धरण बघायचं नव्हतं, धबधबा बघायचा नव्हता, हेमाडपंती देऊळही बघायचं नव्हतं. त्यांना पाहिजे होती एक बोट. बोटीत ते आणि त्यांचा मुलगा सौमित्र, आणि चारी बाजूंना पाणी. कारण सौमित्र येत्या गुरुवारी अमेरिकेला निघाला होता आणि त्याला एक गोष्ट विचारायची होती. “परत येशील ना रे?” एवढंच.

घरात विचारता येत नव्हतं. म्हणजे घरात काही अडचण होती असं नाही. अडचण यज्ञेश्वररावांच्या जिभेत होती. तिला सरळ चालायची सवय नव्हती. सौमित्र व्हिसा घेऊन धावत घरी आला, त्याला वाटलं बाबा पाठ थोपटतील. बाबा म्हणाले, “बरं झालं. नाहीतरी नळाला पाणी कमी येतंय. एक माणूस कमी झाला!” आणि वर, “सन दोन हजार आलं की कॉम्प्युटर बावचळणार, म्हणून तारखेत दोन आकडे वाढवायला गद्र्यांचा मुलगा सातासमुद्रापार! आमच्या शाळेतला शिपाई फळ्यावर रोज वाढवतो.” त्यांना वाटलं, मुलगा हसेल. मुलगा आत जाऊन बॅग भरायला लागला. तेव्हापासून दोघांत “जेवलास?” आणि “हो” एवढंच बोलणं उरलं होतं.

पाण्याच्या मधोमध माणसाला उठून आत जाता येत नाही, असा यज्ञेश्वररावांचा हिशेब होता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचा घोळ कळणार नाही. यज्ञेश्वररावांचं घर तळमजल्यावर, खिडकी थेट रस्त्यावर. जाणारायेणारा खिडकीशी थबकून पत्ता विचारायचा. शेवटी वैतागून त्यांनी पाटी लावली : ‘येथे पत्ता सांगितला जात नाही. आम्ही येथे राहतो, चौकशीसाठी बसलेलो नाही.’ तरीही कोणी विचारलंच, “काका, पत्र्या मारुती कुठं आला?” तर हे म्हणायचे, “आला नाही, पहिल्यापासून तिथंच आहे.” सगळं जग आपल्यासारखंच उत्तर देतं अशी त्यांची पक्की समजूत होती. म्हणून त्यांनी स्वतः उभ्या आयुष्यात कोणाला पत्ता विचारला नव्हता. एकदा सांगलीला आतेबहिणीच्या नातवाच्या बारशाला गेले, घर सापडलं नाही, परत आले. पण विचारलं नाही!

रविवारी पहाटे मारुती निघाली. आळेफाट्यापर्यंत नकाशा तोंडपाठ होता. पुढे कोतूळच्या अलीकडे एके ठिकाणी रस्ता दुभंगला. पाटीचा खांब जागेवर होता, पाटी कोणीतरी नेली होती. मोरीवर एक म्हातारा निवांत बसला होता.

सौमित्रनं गाडी हळू केली. “बाबा, विचारू का?”

“पुढे घे! भूगोलाच्या मास्तरानं रस्ता विचारायचा?”

“मी विचारतो. मी भूगोलाचा मास्तर नाही.”

“मास्तराचा मुलगा आहेस ना? पुढे घे!”

इतक्यात एक जीप धुरळा उडवत बाजूनं गेली. आत माणसं कोंबलेली. नवी लुगडी, फेटे, गजरे. यज्ञेश्वररावांनी चुटकी वाजवली. “रविवार आहे. एवढी नटूनथटून माणसं कुठं निघाली असतील? सहलीला! म्हणजे धरणावर. जीपच्या मागं घे.”

“अहो, सहलीला बाशिंग घेऊन जातात का?” वासंतीबाई मागून म्हणाल्या. पण तोवर मारुती जीपच्या मागं लागली होती.

जीप एका शेतात शिरली, मागोमाग मारुती. समोर मांडव, ताशा, सनई! सौमित्र गाडी मागं घेणार, तोच दोघांनी दार उघडलं. “आले! पुण्याचे गुरुजी आले!” आणि काही कळायच्या आत यज्ञेश्वररावांच्या टकलावर गुलाबी फेटा बसला.

हिंमतराव नावाचे वरबाप हात जोडून पुढे आले. “लई वाट बघितली, गुरुजी. म्हटलं, आता येतात का न्हाई!”

‘तुम्ही मला कोण समजताय?’ एवढं विचारलं असतं तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण विचारायचं कसं? यज्ञेश्वरराव म्हणाले, “हं.” आणि ते सोफ्यावर, थेट नवरदेवाच्या शेजारी, जाऊन बसले! (नवरदेवाला वाटलं, हे नवरीकडचे कोणी गुरुजी असतील.) वासंतीबाईंची ओटी भरली गेली. सौमित्रच्या हातात नारळ आला. माय-लेक एकमेकांकडे बघत राहिले.

अक्षता पडल्या आणि माईक यज्ञेश्वररावांच्या हातात आला. “गुरुजी, आपल्या दशरथला दोन शब्द! पंधरवड्यानं पोरगं पलटणीत माघारी चाललंय, पार तिकडं काश्मिराच्या अंगाला.”

यज्ञेश्वरराव उभे राहिले. माईक हातात आल्यावर मास्तराला गप्प राहता येत नाही. त्यांनी दशरथकडं पाहिलं. साधारण सौमित्रच्याच वयाचा, तसाच उंच, तसाच मान खाली घालून बसलेला. आणि त्यांची जीभ, काय सांगू, जन्मात पहिल्यांदा सरळ चालायला लागली.

“बाळ दशरथ,” ते म्हणाले, “तू लांब चाललास. जा. आम्ही म्हातारे तोंडानं काहीबाही बोलतो, ते मनावर घेऊ नकोस. तू गेल्यावर तुझा बाप जेवायला बसला की आधी तुझ्या जागेकडे बघणार आहे. तो कोणाला सांगायचा नाही. म्हणून तू पत्र लिही. आणि परत ये. बाप विचारणार नाही तुला, कधी येतोस म्हणून. त्याला जमत नाही ते. तू आपणहून सांग.”

हिंमतरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. वासंतीबाई आ वासून नवऱ्याकडे बघत होत्या. हा माणूस त्यांनी आजवर पाहिलेला नव्हता. आणि सौमित्र हातातल्या नारळाच्या शेंडीचा एकेक धागा सोलत खाली बघत होता.

तेवढ्यात मांडवाच्या दाराशी दुसरं टक्कल चमकलं! दशरथ ताडकन उठला, धावला आणि त्या टकलाच्या पायांवर वाकला. “गुरुजी! एवढा उशीर?”

“यष्टी पंक्चर झाली, बाबा!” दशरथला हडपसरच्या शाळेत शिकवणारे खरे हेडमास्तर म्हणाले.

हिंमतरावांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा यज्ञेश्वररावांकडे. “मग... ह्ये कोण?”

त्या क्षणी धरणी दुभंगली असती तर यज्ञेश्वरराव रस्ता न विचारता आत शिरले असते. पण हिंमतराव खदखदून हसले. “कुणी का असंनात! बोलले लाखाचं! आता जेवल्याबिगर सोडायचं न्हाई!”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुण्याच्या माणसाला तिथं काय बोलायचं ते कळतं. हे लोक आग्रहानं लापशीवर तूप वाढत होते! वर हिंमतरावांनी आपुलकीनं विचारलं, “निघाला कुठं व्हता, पाव्हणं?”

झालं! देवानं संधी ताटात वाढली. ‘भंडारदऱ्याला, रस्ता कुठला?’ म्हणायचं फक्त.

“असंच,” यज्ञेश्वरराव म्हणाले. “इकडेच.”

सौमित्रला ठसका लागला.

जेवून निघेपर्यंत ऊन कललं होतं. मग जे फिरणं सुरू झालं ते विचारू नका! (कोणी विचारलं नाहीच.) रंधा धबधबा लागला. माघ महिना, पाण्याची एक दोरी लोंबत होती, बाकी नुसते काळे दगड. “यालाच खडकाची रचना बघणं म्हणतात,” यज्ञेश्वरराव म्हणाले. पुढे डाव्या हाताला तळं चमकलं. सगळे हरखले. वळण आलं, तळं गेलं. मग ते उजव्या हाताला आलं. मग मागं गेलं. पाणी दिसत होतं, पण त्याच्याकडे जाणारा रस्ता काही दिसत नव्हता. खडीच्या वाटेनं हादरत मारुती एका सुंदर, कोरीव देवळासमोर येऊन थांबली, कारण पुढे रस्ताच नव्हता.

“हेच तर दाखवायचं होतं!” यज्ञेश्वरराव म्हणाले.

“कुठलं देऊळ हे?” वासंतीबाईंनी विचारलं.

“जुनं आहे.”

तिथून माघारी फिरल्यावर पुन्हा पाणी डावीकडे, पुन्हा उजवीकडे. सूर्य डोंगराला टेकायला आला. यज्ञेश्वररावांच्या डोक्यावर अजून फेटा होता. तो काढायचं त्यांना सुचलं नव्हतं. बोट बंद झाली तर? गुरुवारी पोरगं जाणार. पुण्यात परत ‘जेवलास?’ आणि ‘हो’.

शेवटी वासंतीबाईंनी सरळ खिडकीची काच खाली केली आणि डोक्यावर मोळी घेऊन चाललेल्या बाईला हाक मारली. “अहो ताई, बोट कुठं मिळते हो?”

“ह्ये काय, म्होरल्या वळणाला खाली उतरा!” बाई हसून म्हणाली.

टोमणा नाही, पाटी नाही. यज्ञेश्वरराव गाल फुगवून म्हणाले, “मी तिथंच वळायला सांगणार होतो.”

काठावर सोनबा नावाचा नावाडी नाव ओढून बांधत होता. हो-नाही करत तो शेवटच्या फेरीला तयार झाला. वासंतीबाईंना पाण्याची भीती. त्या थर्मास घेऊन काठावर बसल्या. बाप-लेक नावेत चढले. नाव संथपणे मध्यावर आली. पाणी सोन्यासारखं झालं होतं, वारा पडला होता, डोंगर गप्प उभे होते. सगळं मनासारखं जमलं होतं!

फक्त नावेत नावाडी असतो, हे काही यज्ञेश्वररावांनी धरलं नव्हतं. सोनबा बरोबर दोघांच्या मध्ये बसून वल्ही मारत होता.

सौमित्रच आधी बोलला. “बाबा, तिकडं लग्नात... छान बोललात.”

आता! हीच वेळ! यज्ञेश्वररावांनी तोंड उघडलं.

“माईक चांगला होता,” ते म्हणाले.

सौमित्र हसला. खूप दिवसांनी हसला. यज्ञेश्वररावांना धीर आला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. “सौमित्र, तुला एक...”

“काय?”

“तिकडं थंडी फार असते म्हणे.”

“हो, असते.”

“हं.”

सोनबानं फेट्याकडे पाहिलं, सौमित्रकडे पाहिलं. “नवरदेव का काय, मालक?”

“नाही हो,” यज्ञेश्वरराव म्हणाले. “हा अमेरिकेला चाललाय.”

“आरं तिच्या!” सोनबानं वल्हं थांबवलं आणि ऊस मागावा तितक्या सहज विचारलं, “मग माघारी कवा येणार?”

नाव थांबली. सौमित्रनं बापाकडे पाहिलं. सोनबाकडे नाही, बापाकडे. काहीतरी सांगायला त्याचे ओठ उघडले. आणि यज्ञेश्वररावांना अशी काही धडकी भरली म्हणता! उत्तर ‘नाही’ आलं तर? भर पाण्यात? इथून आपल्यालाही उठून आत जाता येणार नव्हतं, हे आता त्यांच्या लक्षात आलं.

“येतोय कशाला!” ते खेकसले. “तिकडं नळाला चोवीस तास पाणी असतं!”

सोनबा हसला. सौमित्रचे ओठ मिटले. तो पाण्याकडे बघायला लागला. सोनबानं नाव काठाकडे वळवली. काठावर वासंतीबाईंनी चहा ओतला आणि विचारलं, “झालं बोलणं?” दोघंही म्हणाले, “हो.”

गुरुवारी सौमित्र गेला.

यज्ञेश्वररावांनी खिडकीवरची पाटी काढली. आता कोणी पत्ता विचारला की ते चपला घालून कोपऱ्यापर्यंत सोडायला जातात. पेठेत लोक म्हणतात, गद्रे मास्तर बदलले. वासंतीबाई म्हणतात, उशिरा.

दर रविवारी सकाळी फोन येतो. परवाच्या रविवारी यज्ञेश्वररावांनी उचलला.

“बाबा, काल रस्ता चुकलो. गाडी घेऊन एक तळं बघायला गेलो होतो. अंधार पडेपर्यंत नुसता गोल गोल फिरत होतो!”

“अरे, मग कोणाला विचारायचं नाही का?” यज्ञेश्वरराव कळवळून म्हणाले.

सौमित्र हळूच म्हणाला, “तुम्ही विचारलंत का कधी?”

प्रश्न जिभेच्या टोकावर होता. चारच शब्द! यज्ञेश्वररावांनी रिसीव्हर पुढे केला.

“घे, आईशी बोल,” ते म्हणाले.

वासंतीबाईंनी फोन घेतला आणि पहिल्याच वाक्यात विचारलं, “काय रे, परत येशील ना?” मग त्या ऐकत राहिल्या. बराच वेळ ऐकत राहिल्या. यज्ञेश्वरराव वर्तमानपत्र उलटं धरून कान टवकारून बसले होते. पण तिकडचं एक अक्षर ऐकू येईल तर शपथ! वासंतीबाई “बरं, बरं” म्हणाल्या, फोन ठेवला, पदरानं चष्मा पुसला आणि विळी पुढ्यात ओढली.

यज्ञेश्वररावांनी खाकरून पाहिलं. पान उलटून पाहिलं. त्या काही सांगेनात. चेहऱ्यावरूनही काही कळेना. आता सरळ विचारण्याशिवाय मार्ग नव्हता. यज्ञेश्वररावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, सगळा धीर गोळा केला आणि विचारलं,

“आज भाजी कसली?”