गरम झाली की गप्प होते

माझ्या हाताला यश आहे, हे आधीच सांगून टाकतो! चष्म्याचं दुकान आहे माझं. मुंगीच्या डोळ्यात जाईल एवढा स्क्रू मी गप्पा मारता मारता बसवतो. घरातला मिक्सर, दाराची कडी, पाण्याचा पंप, सगळं मीच दुरुस्त करतो. त्यानंतर आम्ही नवा मिक्सर, नवी कडी आणि नवा पंप विकत आणतो, ही गोष्ट वेगळी!

तर एकदा जेवताना मी जाहीर केलं, "बाबांना घरी आणायचं ते त्यांच्या स्वतःच्या गाडीतून!"

बायकोचा घास हातातच राहिला. "अहो, ती गाडी बंद आहे."

"चालू करतो."

"तुम्ही?" हा एक शब्द ती अशा काही सुरात म्हणते की माणसाने कोर्टात उभं राहून वय सांगावं तसं वाटतं.

बाबा म्हणजे माझे सासरे, आम्ही सगळे एकाच घरात राहतो. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि गावाबाहेरच्या एका केंद्रात त्यांना पुन्हा चालायला शिकवत होते. लवकरच घरी सोडणार होते. आणि गाडी म्हणजे त्यांची जुनी स्पोर्ट्स कार! गडद लाल, दोनच दारं, दोनच सीट, दबा धरून बसलेल्या मांजरासारखी जमिनीला चिकटलेली. त्या काळात इतर गाड्यांना साधा कार्ब्युरेटर असायचा, हिला मात्र फ्युएल इंजेक्शन. "हिला इंजेक्शन आहे," असं बाबा पाहुण्यांना सांगत, तेव्हा त्यांची छाती शर्टात मावत नसे. दर रविवारी ते तिला मऊ फडक्याने पुसत. त्या फडक्याने कोणी चुकून टेबल पुसलं तर घरात अबोला! सासूबाई तिला सरळ "माझी सवत" म्हणायच्या. "झाली का सवतीची आंघोळ? मग आता माझ्याकडे बघा, भाजी आणायचीय."

बाबा दवाखान्यात गेल्यापासून सवत गॅरेजमध्ये धूळ खात पडली होती. मी सासूबाईंकडे किल्ली मागितली. त्यांनी ती चिमटीत धरून, उंदीर द्यावा तशी दिली.

नवी बॅटरी घातली, ताजं पेट्रोल भरलं, किल्ली फिरवली. आणि काय सांगू! गाडी चक्क सुरू झाली! मी खिडकीकडे बघून बायकोला हात केला. तिनेही हात केला. मी गॅरेजमधून बाहेर आलो, रस्त्यावर आलो, कोपऱ्यापर्यंत गेलो, आणि इंजिन जरा गरम झाल्याबरोबर गाडी उचकी लागल्यासारखी थरथरली आणि बंद! ढकलत घरी आणली. तेवढ्यात ती थंड झाली होती, पुन्हा सुरू झाली. पुन्हा कोपरा. पुन्हा उचकी. तिसऱ्या वेळेला कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाईक सोडून आपणहून ढकलायला आला.

मग मी इंजिन उघडलं. स्पार्क प्लग बदलले. पेट्रोलचा फिल्टर बदलला. इंजिनात पेट्रोलचा फवारा सोडणारे इंजेक्टर बाहेर काढून पुसले आणि परत लावले. हात कोपरापर्यंत काळे झाले, गाडी मात्र होती तशीच. थंड असली की गुणी बाळ, गरम झाली की गप्प!

शेवटी अभिमान बाजूला ठेवला. जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या लोकांचा एक ग्रुप आहे फोनवर. दवाखान्यात जाताना बाबांनी स्वतः बाहेर पडून आपल्या जागी मला त्यात घातलं होतं. ग्रुपचं नाव 'जुन्या गाड्या'. मी काळ्या बोटांनी संदेश लिहिला:

"मंडळी, मदत हवी आहे. सकाळी नीट उठते, पण अंग तापलं की धाप लागते, थरथरते आणि गप्प होते. इंजेक्शन चालू आहे, पण फरक नाही. वय झालंय, तरी आवाज अजून खणखणीत आहे. बाबांना काही कळवलेलं नाही, त्यांचा फार जीव आहे हिच्यावर. आज बघितलं, उद्या पुन्हा उघडू. ज्यांना शक्य आहे त्यांनी या."

पाठवला. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. गेला नसेल म्हणून पुन्हा पाठवला. या वेळी लगेच उत्तर आलं. ग्रुपचे अध्यक्ष, पेशाने दातांचे डॉक्टर, त्यांनी लिहिलं होतं, "आता कशालाही हात लावू नका! आम्ही सकाळी येतो." मला इतकं हायसं वाटलं की मी फोन आवाज बंद करून कपाटावर ठेवला आणि साबण घेऊन हात घासायला बसलो.

पहिल्यांदा पाठवलेला संदेश कुठे गेला, हे बघायचं काही मला सुचलं नाही. तो गेला होता फोनच्या यादीत 'जुन्या गाड्या'च्या लगेच वर असलेल्या ग्रुपवर. त्याचं नाव 'जुनी मंडळी'. त्यात बायकोच्या माहेरचे सगळे काका, मावश्या, आत्या, आणि आमच्या घरातून फक्त मी!

सकाळी तिघं जण आले. तिघांनाही मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. एक, ते दातांचे डॉक्टर. आमच्यासारख्याच गाडीतून आले. फक्त त्यांची निळी, आणि चालणारी. दुसऱ्या, कायम हातात करंट मोजायचं मीटर घेऊन फिरणाऱ्या बाई. त्यांना सगळे मीटरताई म्हणतात. तिसरे नाटकवाले. नाटकांना दिवे आणि रंगमंचावरचा धूर पुरवायचा त्यांचा धंदा. सुट्टीचा दिवस, घरी बायकामुलं, आणि ही माणसं एका अनोळखी चष्मेवाल्याच्या गॅरेजमध्ये बाह्या सरसावून उभी! मी म्हणालो, "चष्म्याचा नंबर काढायचाय का कोणाला?"

"आधी हिचा काढू," मीटरताई म्हणाल्या.

त्यांनी एकेक वायर तपासली. इंजिन किती तापलंय ते सांगणारा एक चिमुकला सेन्सर असतो. तो काढून त्यांनी स्वयंपाकघरातून आणलेल्या गरम पाण्यात बुडवला आणि मीटरकडे बघितलं. "हा खरं बोलतोय." पंप ठीक, पेट्रोलचा दाब ठीक.

"म्हणजे हवा!" डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. ही गाडी आत येणारी हवा मोजते आणि त्या हिशोबाने पेट्रोल देते. पण कुठल्यातरी फटीतून चोरून हवा शिरत असेल, तर ती मोजलीच जात नाही, आणि पेट्रोल कमी पडतं. थंड असताना गाडी मुळातच जास्त पेट्रोल पिते, म्हणून निभावतं. गरम झाली की उपासमार!

"फट शोधायची कशी?"

नाटकवाल्यांनी हात चोळले. "धूर!" त्यांनी आपल्या गाडीतून धुराचं यंत्र आणलं आणि त्याची नळी हवेच्या वाटेत खुपसली. "आत धूर भरू. जिथून बाहेर येईल तिथे फट." रंगमंचावर ढग उतरवायची सवय त्यांना! त्यांनी बटण दाबलं आणि बघता बघता अख्खं गॅरेज ढगात गेलं. डॉक्टरांनी दवाखान्यातला मास्क आणि हातमोजे चढवले आणि इंजिनावर ओणवे झाले.

नेमक्या त्याच वेळी फाटकापाशी टॅक्सी थांबली. आतून मोठी मावशी उतरली. म्हणजे सासूबाईंची थोरली बहीण. डोळे रडून लाल, हातात औषधांची पिशवी. समोर बघते तो गॅरेजमधून धूर, आणि धुरात मास्कवाला डॉक्टर!

"डॉक्टर!" तिने हंबरडा फोडला. "कशी आहे हो ती?"

गाडीची चौकशी करणाऱ्यांची डॉक्टरांना सवय आहे. मान वर न करता ते म्हणाले, "वय झालंय, पण आतून मजबूत आहे. काळजी करू नका."

"बोलते का?"

"गरम झाली की बंद पडते. थांबा, सापडलं! वरून धूर येतोय! हिचं वरचं झाकण गेलंय!"

मावशीचा हात आपोआप स्वतःच्या डोक्याकडे गेला. "झाकण?"

"तेल घालतात तिथलं. रबर कडक होऊन चिरलंय."

"तेल तर ती रोज लावायची हो!" मावशी मटकन बाजूच्या टायरवर बसली. मी धावत पुढे झालो, पण तेवढ्यात धूर दुभंगला आणि त्यातून, पांढरी साडी नेसलेल्या, हातात चहाचा ट्रे घेतलेल्या सासूबाई हळूहळू प्रकट झाल्या!

"ताई? तू कधी आलीस?"

मावशीची किंकाळी कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत पोचली. तो अर्धी दाढी केलेल्या गिऱ्हाइकासकट धावत आला.

पुढची काही मिनिटं कोण कोणाला काय सांगत होतं ते देव जाणे! मावशीने मला फोन दाखवला. माझा संदेश मी वाचला. पुन्हा वाचला. त्यात 'गाडी' हा शब्द एकदाही नव्हता! बायकोनेही वाचला. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि मी आपोआप दोन पावलं मागे सरकलो.

"अगं पण मला एक फोन तरी करायचास!" सासूबाई म्हणाल्या.

"कोणत्या तोंडाने करू? जावयाला केला, तो उचलेना. मग मी तुझ्या नवऱ्यालाच फोन केला!"

ऑपरेशन झालेल्या, धड चालता न येणाऱ्या माणसाला ही बातमी! मी केंद्रात फोन लावला. तिथली बाई म्हणाली, "ते आमच्या व्हॅनमधून केव्हाच निघाले. थांबायलाच तयार नव्हते."

आता वाट बघण्याशिवाय काही करता येण्यासारखं नव्हतं. मी फाटकापर्यंत जाऊन परत येत होतो, पुन्हा जात होतो. डॉक्टरांनी ते बघितलं असावं. ते आपल्या निळ्या गाडीपाशी गेले, तिचं तेलाचं झाकण काढलं आणि आमच्या गाडीवर बसवलं.

"अहो, मग तुमची गाडी?"

"राहू दे इथे. नवं झाकण मिळेपर्यंत मी टॅक्सीने फिरेन. तुमच्या बाबांना येताना हिचा आवाज तरी ऐकू येईल. तेवढंच बरं वाटेल त्यांना."

कोण कुठला हा माणूस! मी त्यांचा हात धरला. माझे तेलाचे हात, आणि त्यांनी नुकतेच मोजे काढलेले, पण त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

गाडी सुरू केली. गरम झाली. आणखी गरम झाली. आणि चालूच राहिली! असा गोड, एकसारखा आवाज की नाटकवाल्यांनी डोळे मिटून मान डोलावली. इतक्यात व्हॅन आली. बाबा वॉकर धरून उतरले. मागे त्यांना चालायला शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाई, "सावकाश! सावकाश!" करत.

डॉक्टरांना राहवेना. त्यांनी हौसेने गाडीचा जरा ॲक्सिलरेटर दाबला. बाबांची लाडकी गाडी अंगणात गरजली. बाबांनी वळूनसुद्धा बघितलं नाही! वॉकर आपटत ते सरळ सासूबाईंच्या समोर जाऊन उभे राहिले.

"तू उभी आहेस," ते म्हणाले.

"चहा देत होते सगळ्यांना. तुम्ही असे कसे आलात? पायात चपलासुद्धा दोन वेगळ्या घातल्यात."

बाबांचे ओठ हलले, पण गाडीच्या आवाजात काही कळेना. सासूबाई काहीतरी म्हणाल्या, तेही कळेना. तेव्हा बाबा मागे न बघता ओरडले, "बंद करा हो ती! ही काय म्हणतेय ते ऐकू येत नाहीये मला!"

डॉक्टरांनी गाडी बंद केली. सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. मग मावशीने, मग मीटरताईंनी, मग न्हाव्याच्या गिऱ्हाइकाने आपल्या फेसाळलेल्या गालाला टॉवेल लावला.

नंतर सगळ्यांनी मिळून चहा घेतला. बाबांनी तिन्ही पाहुण्यांचे इतक्यांदा आभार मानले की शेवटी ते लाजायला लागले. मला कोणी रागावलं नाही, आणि याबद्दल मी आजही त्या तिघांचा ऋणी आहे, कारण ते तिथे नसते तर माझं काय झालं असतं याची मला पूर्ण कल्पना आहे!

बाबांना अजून काही दिवस केंद्रात परत जायचं होतं. मी छाती पुढे काढून गाडीचं दार उघडलं. "चला बाबा, मी सोडतो!"

फिजिओथेरपिस्ट बाईंनी सीटकडे बघितलं, बाबांच्या खुब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "एवढ्या खाली बसायचं? यांना निदान तीन महिने तरी अशा गाडीत बसता येणार नाही. कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

"व्हॅनच बरी," बाबा म्हणाले. "हिलाही येता येईल सोबत." आणि त्यांनी सासूबाईंचा हात धरला आणि दोघं बोलत बोलत व्हॅनपर्यंत चालत गेले. दार लागलं, व्हॅन निघून गेली, आणि मग आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं की वॉकर अंगणातच उभा आहे!

तेव्हा मी ती देखणी, दुरुस्त झालेली, गरम होऊनही न थांबणारी गाडी अखेर रस्त्यावर काढली. लोक वळून वळून बघत होते. मुलं हात करत होती. मीही हात करत होतो. आणि माझ्या शेजारच्या सीटवर, ऐटीत पाय वर करून, वॉकर बसला होता!

पट्टा मात्र मी त्याला नीट लावला होता.