चाळीस पावलांवरचं पाणी

मन्मथआप्पा कुणाच्याही घरी गेले की नमस्कार-चमत्कार नंतर. आधी दारात चपला काढायच्या, पिशवीतून नारळ काढून उजव्या तळहातावर आडवा ठेवायचा आणि सगळ्या घरातून एक चक्कर मारायची. पुतणीसाठी स्थळ बघायला भूमला गेले, तेव्हा मुलाकडची माणसं पोह्यांच्या बशा घेऊन बैठकीत उभी आणि हे स्वयंपाकघरात. चुलीपाशी नारळ शेंडी वर करून उभा राहिला. आप्पा बाहेर येऊन मुलाच्या बापाला म्हणाले, "पावनं, चूल हलवा. खाली पानी हाय."

स्थळ मोडलं. आप्पांना वाईट वाटलं, पण वेगळ्याच गोष्टीचं. "एवढं सांगून त्यांनी चूल काय हलिवली न्हाय," असं ते वर्षभर सांगत होते.

आप्पा पाणाडी होते. जमिनीखालचं पाणी सांगायचे. बदल्यात गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी, बाकी काही घ्यायचे नाहीत. त्यांनी दाखवलेल्या काही विहिरींना पाणी लागलं, काहींना नाही. लागलं नाही की लोक चिडायचे. आप्पा खड्ड्याच्या काठावर बसून शांतपणे खाली बघायचे आणि म्हणायचे, "पानी हाय. पर आपल्याला भेटायला तयार न्हाय." जणू आतून कडी लावून बसलेला कुणी पाहुणाच.

एकदा भूमहून ईटकडे जाताना चालत्या यष्टीत त्यांचा नारळ उभा राहिला. आप्पांनी घंटीची दोरी ओढली, खाली उतरले, रस्त्याकडेला तीन दगड रचले आणि परत येऊन जागेवर बसले. कंडक्टर म्हणाला, "आप्पा, ही यष्टी हाय का तुमची बैलगाडी?"

"तुज्याच गावाची शीव हाय बाबा," आप्पा म्हणाले. "उद्या हितं हीर पाडशील तवा माजं नाव घेशील."

कंडक्टर करमाळ्याचा होता.

मी त्यांच्याच गावचा. आमच्या सेवा सोसायटीत सेक्रेटरी म्हणून लागलो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि अजून कायम झालो नव्हतो. कायम करणं-न करणं चेअरमनच्या हातात. आमच्या वस्तीतून पगाराच्या नोकरीवर लागलेला पहिला माणूस मी. धर्मांतरानंतर माझ्या वडिलांनी नारळ, अंगारा, उतारा सगळं उंबऱ्याबाहेर टाकलं होतं. त्यामुळं आप्पा ऑफिसात आले, माझ्या टेबलाभोवती फिरले आणि "शेक्रेटरी, तुमी पान्यावर बसलाव" म्हणाले, की मी ओशाळं हसून रजिस्टरात डोकं घालायचो. विश्वास नव्हता. पण तो नारळ उभा कसा राहतो, हेही कळत नव्हतं. कितीदा त्यांच्या तळहाताकडं जवळून पाहिलं. बोटं हलत नसत. मग मी टेबल थोडं सरकवून घेतलं. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या वर्षी पाऊस गेला. टँकर तीन दिवसांतून एकदा यायचा, आणि अशातच वरून पत्र आलं: सोसायट्यांच्या प्रतिनिधींसाठी दक्षिणेत अभ्यास दौरा. काथ्याची सोसायटी, नारळाची सोसायटी, आणि शेवटी सहलीच्या बोटीनं एका बेटावर चार तास. गावात घागरींची रांग लागलेली आणि आम्ही समुद्र बघायला निघालो. एका संचालकाच्या घरी लग्न निघालं, जागा रिकामी झाली. चेअरमन म्हणाले, "आप्पाला घ्या. नारळाची सोसायटी बघायची म्हणल्यावर नारळवाला पाहिजेच की."

आप्पा आले ते टँकरच्या पाण्याचा कॅन, कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि येरमाळ्याला येडाई देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी घेतलेला नारळ घेऊन. नारळाच्या मुलखात नारळ घेऊन जाणारा माणूस मी तो एकच पाहिला.

बोटीवर पाऊल ठेवलं आणि नारळ उभा राहिला. तो खाली बसेचना. आप्पा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले, जिन्यावरून खाली गेले, वर आले. उभाच. रात्रभर आप्पा त्याला मांडीवर घेऊन बसले. सकाळी माझ्याकडं आले, तेव्हा नारळ टॉवेलात गुंडाळलेला.

"येडं झालंय ते," आप्पा हळूच म्हणाले. "जरा डोळं झाकून ठिवलंय."

मग कठड्याला धरून समुद्राकडं बघत म्हणाले, "शेक्रेटरी, आपल्याकडं पानी न्हाय म्हनून पिता येत न्हाय. हितं आसून पिता येत न्हाय. ह्यातलं वाईट कंचं वो?"



बेट लहान होतं. त्याचं नाव मला तेव्हाही नीट उच्चारता आलं नाही. बोट लांबच थांबली आणि होड्यांतून आम्हाला काठावर नेलं. पांढरी वाळू, हिरवंनिळं पाणी, आणि जिकडं बघावं तिकडं नारळाची झाडं. आमच्याकडं एक नारळ देवाला जाऊन घरी येतो, तेव्हा त्याचे दहा तुकडे होतात. इथं ते वाटेत पडले होते, कुणी उचलतही नव्हतं. चेअरमननी बेटावरच्या काथ्याच्या सोसायटीत सहकारावर अर्धा तास मराठीत भाषण केलं. तिथल्या एकालाही मराठी येत नव्हतं. टाळ्या मात्र गावापेक्षा जास्त पडल्या.

भाषण चालू असतानाच आप्पांनी मला कोपरानं ढोसलं. "चला."

मी गेलो. का गेलो? कंटाळलो होतो, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. काठावर त्यांनी टॉवेल सोडला. नारळ उभा. आम्ही समुद्राकडं पाठ करून चालू लागलो. दहा पावलं, उभा. वीस पावलं, आणि तो एकदम आडवा झाला. दोन दिवसांनी पहिल्यांदा. आप्पांनी हात खाली-वर केला. नारळ गाढ झोपलेला.

"संपला समुद्राचा अंमल," ते म्हणाले. पुढं चालले. मी पावलं मोजत होतो. चाळिसाव्या पावलाला नारळ पुन्हा उभा राहिला.

"हे आता त्येचं न्हाय," आप्पा कुजबुजले. "हे दुसरं कुनाचं तरी हाय. गोडं."

"आप्पा, समोर समुद्र दिसतोय."

"दिसू द्या की."

उन्हाळ्यात आमच्याकडं नदीच्या वाळूत झिरा उकरतात, तसं ते गुडघ्यावर बसून उकरू लागले. एका करवंटीनं ते, एका करवंटीनं मी. सोसायटीचा सेक्रेटरी, बौद्ध कुटुंबातला, नारळ-अंगाऱ्याच्या विरोधात वाढलेला, मी एका परक्या बेटावर नारळानं सांगितलेला खड्डा नारळाच्या करवंटीनं खणत होतो. वाळू पुन्हा पुन्हा ढासळायची. कमरेइतकं खाली गेलो. वाळू ओली झाली, मग गार झाली, मग तळाला पाणी चमकलं.

आप्पांनी ते निवळू दिलं. करवंटी भरली. वर आणून माझ्यापुढं धरली.

"आधी तुमी."

इथं एक सांगायला हवं. आमच्या गावात तेव्हा आमच्या वस्तीच्या घागरींची रांग वेगळी असायची, आणि ती दुसऱ्या रांगेनंतर सुरू व्हायची. आप्पा त्या दुसऱ्या रांगेतले, जंगम स्वामींच्या पाया पडणारे, रोज इष्टलिंगाची पूजा करणारे. मी करवंटीला तोंड लावलं. पाणी गोड होतं. तीच करवंटी, न विसळता, आप्पांनी भरली आणि प्यायली. मग दोघंही त्या खड्ड्यात कमरेपर्यंत उभे राहून हसत सुटलो.

तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला.

पळत काठावर आलो तेव्हा शेवटची होडी आमच्यासाठी थांबलेली. चेअरमन चपला हातात घेऊन उभे. सगळे प्रवासी आमच्याकडं बघतायत. चेअरमन मला नेहमी अरे-तुरेच करायचे. तिथंही सगळ्यांसमोर ओरडले, "कुठं मेला होतास रे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आप्पांना शोधायला गेलो होतो, साहेब."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. तोंडाकडं नाही. माझ्या कोपरांकडं. दोन्ही कोपरांपर्यंत ओली वाळू होती. होडीत बसल्यावर त्यांनी नारळाभोवतीचा टॉवेल सोडला आणि माझ्या मांडीवर टाकला. "पुसा," म्हणाले.

गावात आल्यावर बेटाची गोष्ट आप्पांना पुरून उरली. टँकरच्या रांगेत, पारावर, लग्नाच्या मांडवात. समुद्रापासनं चाळीस पावलं, कमरेइतका खड्डा, आन् खडीसाखरेवानी पानी. कुणी हसलं की ते हात वर करायचे, "गवाह हाय शेक्रेटरी!" रझाकारीच्या आधी कधीतरी कचेरीत शिकलेला तो शब्द त्यांना फार आवडायचा. लोक माझ्याकडं वळायचे. मी हसायचो. हसण्याचा अर्थ ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं लावला. दोन महिने तसंच निभलं.

मग विहिरीची सभा आली. दुष्काळी कामातून गावाला एकच विहीर मिळणार होती. आप्पांनी जागा दाखवली ती आमच्या वस्तीमागच्या ओढ्याकाठी, बाभळीखाली. चेअरमनना ती हवी होती त्यांच्या मळ्याच्या वाटेवर, वस्तीपासून मैलभर. सोसायटीच्या अंगणात गाव जमलं. कडेला आमच्या वस्तीच्या बाया, त्यांत माझी आई.

चेअरमन हसत म्हणाले, "आप्पा, तुमच्या नारळावर विहीर पाडायची म्हणजे आधी तुमचा भरवसा धरायला पाहिजे. समुद्राकाठी गोडं पाणी प्यालात म्हणता ना?"

"प्यालो. गवाह हाय शेक्रेटरी!"

"मग सांगा सेक्रेटरी. तुम्ही तर तिथंच होतात. का मला सांगितलं ते खोटं होतं?"

आवाज गोड होता. त्यांनी मला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटलं होतं. आणि मला कायम करण्याचा कागद त्यांच्या खणात होता.

मला काय काय वाटलं, सगळं सांगतो. नोकरी वाटली. होडीपाशी बोललेलं खोटं वाटलं. वडील वाटले, नारळाच्या बाजूनं साक्ष देणारा मुलगा त्यांना कसा दिसला असता तेही वाटलं. हे शेवटचं कारण मला त्या क्षणी इतकं सोयीचं वाटलं की ते मी बरीच वर्षं खरं मानलं.

"मी आप्पांना शोधायला गेलो होतो," मी म्हणालो. "पाणी वगैरे मी काही पाहिलं नाही."

अंगण हसलं. माझी आई हसली नाही.

आप्पा उठले. मला वाटलं आता वाळूनं भरलेली कोपरं सगळ्या गावापुढं येणार. त्यांनी पिशवीत हात घातला, नारळ चाचपला, आणि म्हणाले, "व्हय. माजंच चुकलं. शेक्रेटरी मागनं आले. खड्ड्यात म्या एकटाच हुतो."

आणि खाली बसले.

विहीर मळ्याच्या वाटेवर झाली. पाणी लागलं, नाही असं नाही. आई आणि वस्तीच्या बाया पुढची सात वर्षं मैलभर जाऊन तिथून आणत होत्या. बाभळीखालची जागा कुणी खणलीच नाही, आता तिथं धान्याचं गोदाम आहे. महिन्याभरात मी कायम झालो.

आप्पांनी गोष्ट सांगणं सोडलं नाही, पण बदलली. आता तिच्यात मी नव्हतो. शेक्रेटरी भाषण ऐकत हुते, म्या एकटाच गेलो, एकट्यानं उकरलं, एकटाच प्यालो. लोक म्हणायचे, म्हातारा दर वेळी वेगळं सांगतो. पोरं त्यांना 'बेटाप्पा' म्हणू लागली. गवाह हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकला नाही.

पुढं भूजल खात्याचा एक माणूस ऑफिसात आला होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, अशा बेटांवर गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्यावर तरंगतं, कुठंही उकरा, लागतं. म्हणजे नारळ नसता तरी लागलं असतं. मग वीस पावलांवर तो आडवा का झाला? ते त्याला विचारायचं धाडस झालं नाही. नारळाचं मला आजही माहीत नाही. पाण्याचं माहीत आहे.

शेवटी शेवटी आप्पांना दिसायचं कमी झालं. एका दुपारी काठी टेकत ऑफिसात आले. मी एकटाच होतो. नारळ आणला नव्हता. खुर्चीवर बसून काठीची मूठ चोळू लागले.

"शेक्रेटरी, एक इचारू? राग येऊ देऊ नगा."

"विचारा आप्पा."

"लई वर्सं एकट्याचंच सांगत आलो. आता मलाच तसं दिसाया लागलंय. डोळं मिटलं की खड्डा दिसतो, पानी दिसतं, आन् म्या एकलाच. पैलं आजून कुनीतरी हुतं आसं वाटायचं. करवंटी दुसऱ्याच्या हातात दिल्यावानी." त्यांनी काठी खुर्चीला टेकवली. "तुमी हुतात का वो तिथं?"

मी उठून त्यांच्याजवळ गेलो.

"होतो आप्पा. करवंटी तुम्ही आधी मला दिली."

"आन् गोड हुतं?"

"गोड होतं."

त्यांनी मान हलवली. चेहरा असा सैल झाला, जणू कुणीतरी आतून कडी काढली. मग काठी घेऊन उठले. दारात थांबून मागं न वळता त्यांनी विचारलं, "नोकरीची किती वर्सं हायत आजून?"

"बरीच आहेत."

"मग तवर कुनाला बोलू नगा."

आप्पा गेले त्याला सहा वर्षं झाली. माझ्या नोकरीची अजून आठ उरली आहेत. त्यांचं ऐकायचं नाही असं ठरवलंय. समुद्रापासून चाळीस पावलांवर, कमरेइतक्या खड्ड्यात आम्ही दोघं होतो. आधी मी प्यालो, मग आप्पा. पाण्याला करवंटीचा थोडा वास होता.